सोयाबीन पिवळं पडलं की मोबाईल आधी बाटली दाखवतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडं आता पिकाला काही झालं की कृषी सहायकाला फोन लावायच्या आधी लोक मोबाईललाच विचारायलेत, आणि त्यात वाईट काही नाही, रात्री दहाला दुसरं कोण उत्तर देणार. पण विचारल्यावर वर काय येतं ते बघा एकदा. "सोयाबीन पिवळे पडणे उपाय" टाकलं की बऱ्याचदा आधी औषधाच्या बाटल्या, मग व्हिडिओ, त्यात पण शेवटी कुठलं तरी टॉनिकच. बाजूला बारीक अक्षरात 'प्रायोजित' असतं, ते कोण वाचतंय.

आता सोयाबीन पिवळं पडायची कारणं वेगवेगळी. चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळत नाही, तेव्हा कोवळी पानं पिवळी होतात आन शिरा हिरव्या राहतात, तिथं फेरस सल्फेटच्या फवारणीनं भागतं. पिवळा मोझॅक असला तर तो पांढरी माशी पसरवते, मग रोगट झाडं उपटायची, चिकट सापळे लावायचे. आणि रानात पाणी साचलं असेल तर चर काढल्याशिवाय इलाज नाही, पण चर काढायची जाहिरात कोण देणार?

इंटरनेटवरच्या कोणत्या पानाला किती जणांनी लिंक दिली यावरून पान वर-खाली करायचं, ही गूगलची मूळ पद्धत, आता त्यात अजून पुष्कळ गोष्टी मिसळल्यात. मराठी पानांना लिंक देणारेच कमी. त्यात आपले बरेच सरकारी कागद स्कॅन करून चढवलेले, नाहीतर कृतीदेव, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमधले. त्या फॉन्टमध्ये दिसायला मराठी असतं पण आत इंग्रजी अक्षरं साठवलेली, मग आपण युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर टाईप करतो त्या मराठीत, शोधलं तर जुळणार कसं? माहिती आहे, पण सापडत नाही.

कोणी म्हणेल दुसरं सर्च इंजिन वापरा. अहो, फोनमध्ये जे आयतं येतं तेच लोक वापरतात, म्हणून तर गूगलनं 2021 मध्ये फोन आणि ब्राऊझर कंपन्यांना साधारण 2,630 कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं आणि 2024 मध्ये कोर्टानं ही बेकायदा मक्तेदारी ठरवली. आपल्या स्पर्धा आयोगानं पण 2018 मध्ये सर्चमधल्या पक्षपातासाठी गूगलला 135.86 कोटींचा दंड लावला होता. दंडानं आमच्या मोबाईलवर काय फरक पडला ते काही दिसलं नाही.

परभणीला 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथल्या शास्त्रज्ञांना हे सगळं तोंडपाठ. म्हणून विद्यापीठाला आणि कृषी खात्याला विनंती, एकेका रोगाचं एकेक पान करा, साध्या युनिकोड मराठीत, शेतकरी ज्या शब्दात विचारतो त्याच शब्दात, फोटोसकट. आणि तुम्हाला पण एक सांगतो, पेपरातला कृषी सल्ला साईटवर टाकताना नुसता पानाचा फोटो टाकू नका, मजकूर टाका. पेरणीच्या आधी झालं तर बरं होईल.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. जिंतूर, जि. परभणी