नवीन राऊटर घ्यायच्या आधी त्याचं आतलं पान तरी उघडा

मा. संपादक,

घरचं वायफाय स्लो का होतं यावर तुमच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख वाईट नव्हता, पण सगळा भर मोठा प्लॅन घ्या, नवीन राऊटर घ्या आणि तो उंचावर ठेवा यावरच, उंचावर ठेवा हे बरोबरच आहे म्हणा, पण राऊटरच्या आत जे ब्राउझरमधून उघडणारं सेटिंग्जचं पान असतं त्यावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही, आणि मी नेमका त्याच पानाकडे दुर्लक्ष करून पैसे घालवलेत म्हणून हे पत्र.

आमच्याकडे रोज रात्री मुलीचा ऑनलाइन क्लास सुरू झाला की सरांचा आवाज रोबोटसारखा तुटायचा. स्पीड टेस्ट केली की आकडा मस्त. मी आधी प्लॅन वाढवला, काडीचा फरक नाही. मग एका मित्राच्या सांगण्यावरून कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून पिंग (म्हणजे डेटा जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात त्याची मोजणी) चालू ठेवलं आणि नुसता बघत बसलो, १८, २०, १९ असं छान चाललेलं आणि अचानक ६००, ८५०, ९००. त्याच वेळी बायकोचा फोन चार्जिंगला लागला होता आणि चार्जिंगला लागला की तो दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतो. सापडला चोर!

होतं असं की अपलोडचा रस्ता अरुंद, फोन त्यात दांडगाईने डेटा ढकलतो, आणि राऊटर किंवा मोडेम जास्तीचा डेटा फेकून न देता रांगेत साठवत बसतो. आवाजाचं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, इवलंसं पण तेही त्याच रांगेत, म्हणजे गोण्या उतरवणाऱ्या टेम्पोमागे चिठ्ठी घेऊन आलेला सायकलवाला अडकावा तसं. याला बफरब्लोट म्हणतात, जिम गेटिस नावाच्या इंजिनिअरने २०१०च्या सुमारास त्याच्या स्वतःच्या घरी हाच त्रास होत होता म्हणून त्याचा छडा लावला. रांग लांब होत असेल तर प्लॅन वाढवून काय होणार, आणि माझ्या प्लॅनमध्ये वाढला तो डाउनलोड, अपलोड होता तिथेच.

उपाय राऊटरच्या पानावर क्यूओएस (कोणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवणारी सोय) नावाखाली असतो, काही राऊटरमध्ये एसक्यूएम म्हणतात. तिथे अपलोड-डाउनलोडचा आकडा भरायचा, पण जाहिरातीतला नाही, स्वतः मोजलेला, आणि त्याच्यापेक्षा थोडा कमी, साधारण ९० टक्के. माझा अपलोड २० एमबीपीएस येत होता, मी १८ टाकला. मुद्दाम कमी का, तर रांग लागायचीच असेल तर ती आपल्या राऊटरमध्ये लागू दे, तिथे कोणाला आधी सोडायचं ते आपल्या हातात असतं, पुढे मोडेममध्ये लागली की संपलं. यादीत एफक्यू-कोडेल किंवा केक (रांग आपोआप आटोक्यात ठेवणाऱ्या पद्धतींची नावं) असा पर्याय दिसला तर डोळे झाकून तो निवडा. टीव्ही लो, लॅपटॉप हाय अशी प्रायॉरिटी लावत बसायचा प्रकार मी आठवडाभर केला, नुसती डोकेदुखी आहे. एक मात्र आहे, लाईन खूप फास्ट आणि राऊटर स्वस्तातला असेल तर हे चालू केल्यावर त्याच्या प्रोसेसरला दम लागतो आणि एकूण स्पीडच पडतो, तेव्हा नंतर परत मोजून बघा. माझं पिंग आता फोटो चढत असतानाही ३५च्या वर जात नाही.

पण खरा धक्का वेगळाच बसला. त्या पानावर शिरायचा युजरनेम अॅडमिन आणि पासवर्डही अॅडमिन! वायफायचा पासवर्ड आम्ही चांगला १४ अक्षरी ठेवलेला आणि वाटायचं झालं, पण हे दोन वेगळे पासवर्ड आहेत हे किती जणांना माहीत असतं? २०१६ साली मिराई नावाचा व्हायरस कंपनीनेच आधी टाकून दिलेल्या अशाच ६०-एक यूजरनेम-पासवर्डच्या जोड्या घेऊन दारोदार फिरला, लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर त्या ऑक्टोबरमध्ये मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. आत शिरलेला माणूस डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता शोधून देणारी सोय, बदलू शकतो, म्हणजे आपण बँकेचा पत्ता बरोबर टाकतो आणि पोचतो भलतीकडे. ब्राउझर वॉर्निंग देतो हो, पण आपण ती वाचतो कुठे, प्रोसीड दाबून मोकळे.

मग बाकीचंही केलं. फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून इंटरनेटवरून ते पान उघडता येणं) बंद, वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२-३ वर. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय) तर पहिलं बंद करा, त्याचा पिन आठ आकडी दिसतो पण राऊटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्यांवरून काढता येतो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालंय. यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना राऊटरची दारं आपोआप उघडू देणारी सोय) बंद केल्यावर मुलाची गेम रुसली, शेवटी तेवढा एकच पोर्ट, म्हणजे तिला लागणारं दार, हाताने उघडून दिला. वायफायचं नाव लपवायचा सल्ला मात्र सोडून द्या, उलट आपलाच फोन जिथे जाईल तिथे ते नाव पुकारत फिरतो.

जोडलेल्या डिव्हाइसच्या यादीत ईएसपी असं काहीतरी विचित्र नाव दिसलं, मी घाबरून लगेच ब्लॉक केलं आणि संध्याकाळी हॉलचा स्मार्ट बल्ब काही केल्या लागेना. आता तो गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर आहे.

तर विनंती एवढीच की पुढच्या लेखात त्या पानाचे फोटो छापा, कुठे काय दाबायचं ते दाखवा. आणि हे सगळं केबल लावून करा असंही लिहा, वायफायवरून करायला गेलं की सेव्ह दाबल्या दाबल्या आपणच बाहेर फेकले जातो. नवीन पासवर्ड मी कागदावर लिहून राऊटरच्या बुडाला चिकटवलाय, मुलगा म्हणतो बाबा हे सेफ नाही, मी म्हटलं तो वाचायला चोराला आधी घरात यावं लागेल आणि घरात आलेला चोर राऊटर उलटा करून बघत बसणार नाही.

आपला,
एक नेहमीचा वाचक