मोटर नसलेलं विमान डोंगरावर टिकतं कसं

प्रिय बाबा,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की मोटर नाही, पंखा नाही, दोरी पण नाही, मग मी डोंगरावरून रिमोटने उडवते ते छोटं विमान तासभर वर राहतंच कसं. त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यात देण्यासारखं नाही आणि मला ते नीट द्यायचंय, म्हणून हे पत्र. जरा लांबणार आहे, सावकाश वाचा. आईला पण वाचून दाखवा, तिला वाटतं मी सुट्टीच्या दिवशी खेळणी उडवत बसते.

तर पहिली गोष्ट म्हणजे ग्लायडर, म्हणजे असं बिनमोटरचं विमान, कायम खालीच येत असतो. शांत हवेत सोडला की पुढे सरकत सरकत तो सेकंदाला साधारण अर्धा-एक मीटर खाली उतरतो, तो पुढे जातो तेच मुळी वजनामुळे. पण समजा ज्या हवेत तो उडतोय ती हवाच सेकंदाला दोन मीटरने वर चाललीये, मग? मग तो हवेच्या हिशोबाने खाली येतोय आणि जमिनीच्या हिशोबाने वर चाललाय. बस, एवढंच आहे. वारा सपाटीवरून किंवा समुद्रावरून येतो, समोर डोंगर आडवा येतो, मग तो उताराला धरून वर चढतो, आणि डोंगराच्या तोंडासमोर वर जाणाऱ्या हवेचा एक पट्टा तयार होतो. घारी कड्याच्या कडेकडेने पंख न हलवता तासन्‌तास फिरतात ना, त्या याच पट्ट्यात असतात. आपण फक्त त्या पट्ट्याच्या बाहेर जायचं नाही.

पण कुठलाही डोंगर चालत नाही. वारा उतारावर शक्यतो काटकोनात यायला हवा, वीस-तीस अंश इकडेतिकडे चालतं, त्याहून तिरका झाला की तो वर न चढता डोंगराच्या बाजूने निघून जातो आणि लिफ्ट, म्हणजे वर नेणारी हवा, संपते. समोर मैदान मोकळं हवं, झाडं किंवा दुसरा डोंगर असला की हवा आधीच विस्कटून येते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माथ्याच्या मागची बाजू. तिथे हवा गोल गोल गुंडाळत खाली आपटते, त्याला रोटर म्हणतात, त्यात अडकलेलं मॉडेल सेकंदात जमिनीवर. म्हणून डोंगरमाथ्याची धार जितकी गोलसर तितकं चांगलं, एकदम तुटलेल्या कड्यावर समोर लिफ्ट जोरदार मिळते पण उतरायला जागा अवघड. समुद्राकडे तोंड असलेले उतार सगळ्यांना आवडतात ते याचसाठी, दिवसा जमीन तापते, समुद्रावरचा वारा आत येतो आणि तो इतका सलग, गुळगुळीत असतो की मॉडेल जागेवर ठेवल्यासारखं स्थिर उभं राहतं.

तुम्हाला राइट बंधू आवडतात म्हणून एक सांगते. १९०३ मध्ये इंजिनवर उडून झाल्यावर आठ वर्षांनी, ऑक्टोबर १९११ मध्ये, ऑर्व्हिल राइट परत अमेरिकेतल्या त्याच किल डेव्हिल हिल्सच्या वाळूच्या टेकड्यांवर गेला, यावेळी बिनइंजिनाचं ग्लायडर घेऊन, आणि उतारावरच्या वाऱ्यात ९ मिनिटं ४५ सेकंद वर राहिला. हा विक्रम जवळजवळ दहा वर्षं टिकला. नंतर जर्मनीत वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर १९२० पासून ग्लायडरच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि १९२२ मध्ये व्हँपायर नावाच्या ग्लायडरने एक तासाच्या वर उड्डाण केलं, मग काही दिवसांत दोन तास, तीन तास. माणसाला कळलं की वारा आहे तोवर वर राहता येतं. आम्ही आज रिमोट घेऊन करतो ते तेच आहे, फक्त पायलट जमिनीवर उभा असतो.

आता फोमबद्दल, कारण माझ्या मते या छंदात सगळ्यात मोठा फरक फोमनेच पाडला. पूर्वी मॉडेल म्हणजे बाल्सा लाकूड, महिनोन्‌महिने पट्ट्या कापून चिकटवायच्या आणि एका चुकीच्या वळणात चुरा. ज्याचा चुरा व्हायची भीती आहे ते माणूस जमिनीपासून लांब, उंच, घाबरत उडवतो, आणि खरी मजा आणि खरं शिकणं तर धारेच्या जवळ, डोळ्यासमोर असतं. ईपीपी फोम आला आणि ही भीती गेली. ईपीपी म्हणजे एक्सपांडेड पॉलिप्रॉपिलीन, गाड्यांच्या बंपरच्या आत धक्का शोषायला घालतात तोच. आपला थर्माकोल दाबला की दबलेलाच राहतो किंवा कडकन तुटतो, ईपीपी दाबला की परत पूर्वीसारखा होतो. डोंगरावर आपटलं, उचललं, कंट्रोल हलतायत का बघितलं, परत फेकलं. कॉम्बॅट म्हणून एक प्रकार खेळतात लोक, हवेत एकमेकांच्या विमानाला मुद्दाम धडक द्यायची, ज्याचं खाली पडलं तो हरला, हे फक्त ईपीपीमुळे शक्य झालं.

बनवायला सगळ्यात सोपं म्हणजे फ्लाइंग विंग, म्हणजे शेपूट नाही, धड नाही, नुसता मागे वळलेला पंख, टोकापासून टोकापर्यंत साधारण १.२ मीटर, वजन अर्धा ते पाऊण किलो. पंख फोमच्या ठोकळ्यातून गरम तारेने कापायचे. हे काम मला उडवण्याइतकंच आवडतं म्हणून सविस्तर सांगते. पंखाच्या मुळाचा (म्हणजे मधल्या, रुंद बाजूचा) आणि टोकाचा आकार सनमायकावर काढून दोन टेम्प्लेट कापायच्या, कडा पॉलिश पेपरने अगदी गुळगुळीत करायच्या कारण तार जिथे अडखळेल तिथे पंखावर खाच पडते. टेम्प्लेट ठोकळ्याच्या दोन टोकांना पिनांनी लावायच्या. मग धनुष्यासारख्या चौकटीत नायक्रोमची, म्हणजे करंट दिला की तापणारी, तार ताणून बांधायची, करंट द्यायचा आणि दोघांनी दोन बाजूंना धरून ती टेम्प्लेटवरून ओढायची. गंमत अशी की मूळ रुंद असतं आणि टोक अरुंद, म्हणजे दोघांना एकाच वेळात वेगवेगळं अंतर कापायचंय. म्हणून दोन्ही टेम्प्लेटवर सारख्या संख्येच्या खुणा करतात, एक ते दहा, आणि एकजण मोठ्याने आकडे म्हणत जातो, चार, चार, पाच... दोघांची तार त्या त्या आकड्यावर एकदम पोचली पाहिजे. घाई केली तर तार मधे मागे रेंगाळते आणि पंखाची मागची कडा मधेच जाड-पातळ होते. तार फार तापली तर फोम जास्त वितळतो आणि पंख बारीक निघतो. ईपीपीला थर्माकोलपेक्षा जास्त उष्णता आणि जास्त धीर लागतो. कापून झालं की पृष्ठभागावर केसासारखे बारीक तंतू राहतात, ते हलक्या हाताने पॉलिश पेपर फिरवला की जातात. आणि वरखालचे उरलेले तुकडे टाकायचे नाहीत बाबा, ते पंखाचे साचेच असतात, पुढे चिकटवताना पंख त्यातच ठेवायचा म्हणजे पीळ पडत नाही.

ईपीपी लवचिक आहे म्हणून नुसता ठेवला तर वेगात पंख वाकतो, त्याला कणा द्यावा लागतो. कटरने लांब चीर पाडायची, त्यात कार्बन फायबरची ट्यूब बसवायची, ग्लू लावायचा. मग वरून काचेच्या धाग्यांची ती मजबूत फिलामेंट टेप, आणि त्यावर रंगीत फिल्म इस्त्रीने, अगदी मंद गॅसवर काम करतात तशी मंद इस्त्री, नाहीतर खालचा फोम बसतो. वरून आणि खालून वेगळा रंग घ्यायचा, मी गडद आणि भडक असे घेते, कारण दोनशे मीटरवर विमान सुलटं आहे की उलटं हे फक्त रंगावरूनच कळतं.

मागच्या कडेला बाल्साच्या दोन फळ्या टेपने बिजागरीसारख्या लावायच्या, त्यांना एलेव्हॉन म्हणतात. दोन्ही वर गेल्या की नाक वर, एक वर एक खाली गेली की विमान कलतं आणि वळतं, दोन्हीचा मेळ रिमोटच घालतो. आत नऊ-नऊ ग्रॅमचे दोन सर्व्हो, म्हणजे ह्या फळ्या हलवणारी छोटी यंत्रं, रिमोटचा संदेश पकडणारा एक रिसीव्हर, नाकात बॅटरी. हल्लीचे रिमोट २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात म्हणून एकाच डोंगरावर खूप लोक एकदम उडवू शकतात, पूर्वी दोघांचा चॅनल एक निघाला की दुसऱ्याचं विमान गेलंच, म्हणून आधी विचारून, खुणेची चिमटी लावून मगच रिमोट चालू करायचे.

आणि मग सीजी, म्हणजे वजनाचा मध्य. ह्यात तडजोड नाही. पंखाखाली दोन बोटं ठरलेल्या खुणेवर ठेवून उचलायचं, विमान आडवं सपाट राहिलं पाहिजे. नाक थोडं जड असलं तर विमान मठ्ठ उडतं पण ऐकतं, मागचा भाग जड असला तर ऐकतच नाही. शेपूट असलेल्या विमानात थोडं इकडेतिकडे चालून जातं पण फ्लाइंग विंगमध्ये पाच मिलिमीटरचा फरक पण हाताला जाणवतो. शेपूट नसल्यामुळे नाक धरून ठेवायला एलेव्हॉन अगदी किंचित, एखाद-दोन मिलिमीटर, वर ठेवावे लागतात. बॅटरी पुढेमागे सरकवूनच सीजी जमवायचा, शिशाचे तुकडे शेवटचा उपाय.

उडवताना पहिला नियम, वाऱ्यात तोंड करून सरळ सपाट फेकायचं, नाक थोडं खालीच. लोकांना वाटतं वर फेकलं की वर जाईल, उलट ते वेग हरवतं आणि स्टॉल होतं, म्हणजे पंख उचलणं सोडतात आणि ते खाली पडतं. दुसरा नियम, वळण कायम डोंगरापासून बाहेरच्या बाजूला, कधीच डोंगराकडे नाही, कारण डोंगराकडे वळलं की वारा पाठीमागून येतो आणि जमिनीच्या हिशोबाने विमान एकदम पळत सुटतं. मग धारेला समांतर इकडून तिकडे, बाहेरच्या बाजूला वळण, परत तिकडून इकडे, आडव्या आठच्या आकड्यासारखं. ताशी १५ ते ३० किलोमीटर वारा ह्याला छान. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो हे तुम्हाला माहितीये, तेव्हा हलकं विमान पुढे सरकतच नाही, मग पंखात वजन वाढवतात, बॅलास्ट. वजन दुप्पट केलं तर उडायचा वेग साधारण १.४ पट होतो. वजन वाढवून चांगलं उडतं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण खाली यायचा वेग वाढला तरी तगड्या वाऱ्यात वर जाणारी हवा त्याहून जास्त असते.

एफ३एफ म्हणून ह्याची रीतसर शर्यतपण असते, धारेवर १०० मीटरची रेषा, दहा फेऱ्या, एकूण एक किलोमीटर. ती मात्र फोमची नाही, कार्बनच्या महागड्या मॉडेलची, बघायला सुंदर पण मला त्यात ओढ नाही.

मला ओढ आहे ती डोंगराच्या मागच्या बाजूची. वर म्हटलं ना मागे जायचं नाही, पण काही लोक मुद्दाम जातात. धारेच्या वर वेगवान वारा आणि मागे जवळजवळ थांबलेली हवा, ह्या दोन थरांमधून गोल गोल फिरत राहिलं की प्रत्येक वेळी थर ओलांडताना विमानाला वेग मिळतो. अल्बाट्रॉस हा पक्षी समुद्रावर हेच करतो, लॉर्ड रेली या शास्त्रज्ञांनी १८८३ मध्येच पक्षी असा वेग कसा मिळवू शकतो हे मांडलं होतं. ह्याला डायनॅमिक सोअरिंग म्हणतात. २०२१ मध्ये स्पेन्सर लिझेनबी या माणसाने कॅलिफोर्नियात असंच एक रिमोटवरचं ग्लायडर ताशी ८८२ किलोमीटर वेगाने फिरवलं. मोटर नाही बाबा! प्रवासी जेटचा वेग, आणि सगळा वाऱ्यातून काढलेला. ते विमान अर्थात फोमचं नव्हतं, पण ही कल्पना समजून घ्यायला, छोट्या वाऱ्यात, छोट्या टेकडीच्या मागे करून बघायला फोमचं मॉडेल उत्तम, कारण तिथे ते पडणारच असतं.

हे सगळं एवढं लिहायचं कारण, ह्या वेळी मी घरी आले की आपण दोघांनी एक बनवायचं असं माझ्या मनात आहे. तार ओढायला दोन माणसं लागतातच, आणि तुमच्याइतका स्थिर हात मी अजून इथे कुणाचा बघितला नाही. टेम्प्लेटची आकृती कागदावर पूर्ण मापात काढून पाठवते. सनमायकाचे तुकडे आणि चौकटीसाठी लाकडाची पट्टी तुम्ही बघून ठेवा, कार्बन ट्यूब, सर्व्हो आणि फोम माझ्याकडे. उडवायची जागा नंतर ठरवू पण विमानतळाच्या आसपासची अजिबात नको, आणि तिथले मॉडेल उडवायचे नियम काय ते आधी चौकशी करून ठेवा. जिथे पॅराग्लायडिंगवाले उडतात तिथे आपण खाली थांबायचं, हवेत माणूस असताना मॉडेल वर न्यायचं नाही.

आणि एक, मी यायच्या आधी तुम्ही तार तापवून बघणार हे मला माहितीये, म्हणून सांगून ठेवते. तार थेट घरातल्या प्लगला लावायची नाही, कमी-जास्त करता येणारा, जास्तीत जास्त १२ ते २४ व्होल्टपर्यंत जाणारा सप्लाय घ्या, शून्यापासून हळूहळू वाढवत न्या, तार लाल व्हायच्या बरंच आधी थर्माकोल कापायला लागते. खिडक्या दारं उघडी ठेवा, धूर नाकात जाऊ देऊ नका. थर्माकोलच्या रद्दी तुकड्यांवर दोनचार सरळ काप घेऊन बघा आणि कडेचा फोटो पाठवा, कड कशी निघालीये त्यावरून मी सांगते करंट कमी हवा की जास्त.

आईला नमस्कार, आणि तिला सांगा तार दुसऱ्या बाजूने धरायला ती पण चालेल, आकडे मी म्हणेन.

तुमची,
मनू