विषय: 'मरीन' प्लायचे पदर सुटल्याबाबत, चौथ्यांदा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

आज सकाळी तुमच्या माणसाशी बोलणं झालं. फोन ठेवला आणि थेट हे लिहायला बसलो.

मार्चमध्ये धुळ्यातल्या तुमच्या डीलरकडून 12 एमएमच्या दोन आणि 6 एमएमच्या दोन शीट घेतल्या. शिक्का आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक), बीडब्ल्यूपी (म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं), बिलावरही तेच. घरी बनवलेल्या कॅम्पर ट्रेलरचा दहा बाय पाच फुटांचा तळ करायचा होता. लोखंडी अँगलवर 6 एमएम, त्यावर 25 एमएम जाडीच्या लाकडी रीपा, मधल्या चौकटींत एक्सपीएस (उष्णता अडवणारा फोम), वरून 12 एमएम. एक्सपीएस थंडीसाठी नाही हो. मे महिन्यात इथलं डांबर तापलं की खालून भट्टी लागते, त्यासाठी. कापलेल्या कडांना दोन हात प्रायमर, खालून डांबरी रंग.

जुलैत तोरणमाळची एकच फेरी झाली. परतल्यावर दारापाशी पाय ठेवला तर तळ दबला. मिस्त्रीने पटाशी घातली आणि मांड्याची घडी उलगडावी तसा अख्खा पदर वर आला. आत करंगळी जाईल एवढी फट. "भाऊ, हाई प्लाय नई, पापड शे," एवढंच म्हणाला तो.

आता आजचा फोन. "सर, ट्रेलर म्हणजे गाडीच ना? वॉरंटी फर्निचरला आहे." म्हटलं, आत कॉट आहे, ओटा आहे. "पण सर, चाकं आहेत ना." आहेत. "आणि पावसात नेलं होतं का?" नेलं होतं. मग मीच विचारलं, मरीन म्हणजे काय हो? बराच वेळ शांतता. "सर, ते आमच्या रेंजचं नाव आहे." वर आणखी, "तुमच्या धुळे साइडला ऊन फार असतं, त्याने पण प्लाय फुगतं." म्हणजे पावसात न्यायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, चाकांवर चढवायचं नाही. बहुतेक देव्हाऱ्यात ठेवून पूजा करायची असावी.

आयएस 710 ला उकळत्या पाण्यात 72 तासांची चाचणी असते, हे तुम्हाला मी सांगायचं? उरलेला कोरा तुकडा मी घरी उकळला. माझं स्वयंपाकघर म्हणजे लॅब नव्हे, मान्य. पण चार तासांत पदर सुटले. 72 नाही, चार. पातेलं गेलं ते वेगळं.

कडांना दोन हात प्रायमर होता. परत लिहितोय, कारण तुमच्या माणसाने तेच तीनदा विचारलं.

चारही शीटचे पैसे आणि तळ उखडून परत बसवायची मजुरी द्या. सगळं पीयू ग्लूने चिकटलंय. तळ काढायचा तर आधी कॉट आणि ओटा काढावा लागतो. 15 दिवसांत उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही, सवड मला भरपूर आहे. शिक्क्यावरचा सीएम/एल (परवाना) नंबरही बीआयएसकडे, म्हणजे भारतीय मानक ब्युरोकडे, पाठवीन.

घरातली कपाटं तुमच्याच प्लायची आहेत, 2009 ची. अजून ठणठणीत. म्हणून तर लोकल माल सोडून तुमच्या दारात आलो.

उकळलेला तुकडा सोबत पाठवतोय. पदर सुटेच आहेत, रबर लावलाय. मोजून घ्या.

तुमचा ग्राहक (अजून तरी),
धुळे