शेवटच्या बाकावरून, जरा उशिराच

प्रिय मॅडम,

तुम्हाला मी आठवत असेन तर ‘वह्या तपासत बसलेली बाई’ म्हणूनच. तुमच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मी शेवटच्या बाकावर गठ्ठा घेऊन बसले होते. अटॅचमेंट, भावबंध वगैरे, म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातलं नातं, हे मुलांना डोक्यावर बसवायचं आणखी एक निमित्त, अशी माझी खात्री होती. तुम्ही हे पाहिलंत आणि काही बोलला नाहीत. त्याबद्दल पहिले आभार.

मग तुम्ही जॉन बोल्बींबद्दल, म्हणजे भावबंधाचा हा विचार मांडणाऱ्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांबद्दल, बोलू लागलात. १९०७ सालचा जन्म. चार वर्षांचे असताना त्यांना सांभाळणारी दाई काम सोडून गेली. पुढे डॉक्टर होण्याआधी ते काही काळ, ज्यांना कुणी ‘सरळ’ म्हणणार नाही अशा मुलांच्या शाळेत काम करत होते. म्हणजे या विचाराचा एक धागा शाळेतूनच निघालेला. माझं लाल पेन तिथे थांबलं.

पण खरी पकडले गेले ते तुम्ही फळ्यावर त्रिकोण काढलात तेव्हा. एका टोकाला मूल, दुसऱ्याला शिक्षक, तिसऱ्याला काम. काही मुलं शिक्षकाला इतकी चिकटतात की काम तसंच राहतं, काही कामात डोकं घालून बसतात आणि शिक्षकाकडे बघतही नाहीत. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर वर्गातली सगळ्यात गुणी मुलगी उभी राहिली.

आदल्याच आठवड्यात ती मधल्या सुट्टीत पडली होती. गुडघा चांगलाच फुटला होता. त्यावर रुमाल दाबून तिने पुढचे दोन तास गणितं सोडवली. शाळा सुटताना ती उठली तेव्हा बाकाखाली मला रक्ताचे थेंब दिसले. आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी तिला वर्गासमोर उभं करून शाबासकी दिली. “बघा, रडली का ती?” मॅडम, ते वाक्य मला अजून टोचतं. खुर्च्या ढकलणारी, किंचाळणारी मुलं निदान मागतात तरी. हिने मागणंच सोडलं होतं आणि आम्ही त्याला समंजसपणा म्हणत होतो.

शिक्के मारू नका, असं तुम्ही बजावलंत तेही फार बरं झालं. बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांचा, आई थोडा वेळ बाहेर जाऊन परत आली की बाळ कसं वागतं हे पाहणारा, तो वीसेक मिनिटांचा प्रसिद्ध प्रयोग वर्ष-दीड वर्षाच्या बाळांसाठी होता. तिसरीतल्या पोराला एका दिवसाच्या वागण्यावरून कप्प्यात टाकण्यासाठी नाही. डबा खाताना आमचं तेच सुरू झालं होतं, “माझ्याकडे दोन चिकटणारे, एक टाळणारी!”

तुमच्या आग्रहामुळे शिपाईकाका आणि मावशीही प्रशिक्षणाला बसल्या. सकाळी फाटकात कोण कसा तोंड करून आला, हे आमच्याआधी त्यांनाच कळतं. आता ते आम्हाला सांगतात.

माझ्या वर्गात बदल म्हणाल तर बारीकसारीक आहेत. फळ्याच्या कोपऱ्यातली खोडकर मुलांची यादी गेली. नियम आहेत तसेच आहेत, फक्त आधी “राग आलाय ना?” विचारते, मग “पण मारायचं नाही”. रजा घ्यायची असेल तर आदल्या दिवशी सांगते, माझ्या जागी कोण येणार तेही. दर ओळीला “बाई, बरोबर आहे?” विचारणाऱ्याला म्हणते, “पाचवं गणित झालं की मी येते.” आणि पाचवं झालं की जाते. एकदा विसरले, त्याने पाचही खोडून टाकली. मी त्याची माफी मागितली. मुलाची माफी मागायची हे मला डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. बिघडण्यापेक्षा, बिघडल्यावर सांधलं जातं का हे महत्त्वाचं, असं तुम्ही म्हणाला होतात. तेव्हा मला ते नुसतं गोड बोलणं वाटलं होतं.

सगळं जमलं असं नाही. अडतीस मुलांत रोज कुणीतरी निसटतंच. आणि संध्याकाळी चारनंतर माझा सगळा समजूतदारपणा संपलेला असतो.

त्या मुलीला मी जवळ घेतलं नाही, खोदून काही विचारलं नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोघींच्या मध्ये काम ठेवलं: वाचनकोपऱ्यातली पुस्तकं लावायची, ती एका टोकाने, मी दुसऱ्या. सहा-सात आठवडे आम्ही जवळजवळ न बोलता पुस्तकं लावली.

परवा ती वही घेऊन माझ्या टेबलाशी आली. बराच वेळ पानाच्या कोपऱ्याची घडी करत उभी राहिली. मग म्हणाली, “बाई, हे नाही जमत मला.”

तिच्यासमोर आनंद दाखवायचा नव्हता, म्हणून मी नुसती शेजारची खुर्ची ओढून दिली.

तुमची,
वह्या तपासत बसलेली बाई

ता. क. त्या दिवशीच्या वह्या मी घरी नेऊन तपासल्या.