भोरड्या जाईपर्यंत तरी पळस राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लहानपणी जवारीच्या वावरात मचाणावर बसून भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, हाकलणं हे माझं काम होतं. दाणा दुधात आला की ढगासारखा थवा उतरायचा, आणि गोफणीतून दोन-चार गुंडे सुटेपर्यंत कणसं बोडकी व्हायची. त्यामुळे यंदा होळीनंतरच्या रविवारी नातीच्या शाळेतले गुरुजी पोरांना भोरड्या दाखवायला नेणार, हे ऐकून मला हसूच आलं. "आबाजी, तुम्ही पण चला ना," असं ती म्हणाली म्हणून गेलो.

अकरा पोरं आणि दुर्बीण एक. नाल्याच्या काठावर थरथरा शेपटी थरथरवत बसला होता, पाण्याशी पांढरा धोबी. दोन्ही पाखरं हिवाळ्याची पाहुणी, आता परतीला लागलेली. पण पोरांना घाई होती पांधणीच्या, म्हणजे शेतरस्त्याच्या, पळसांची.

सूर्य वर आला आणि थवा आला. अंगावर गुलाबी शाल, डोकं, पंख आणि शेपटी काळीभोर, डोक्यावर तुरा. इतका कलकलाट की गुरुजींचं बोलणं ऐकू येईना. आयुष्यभर ज्या पाखराला गुंडे मारले ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. एक भोरडी फुलात डोकं खुपसून मध पीत होती. बाहेर निघाली तर कपाळ पिवळं, हळद लागलेल्या नवरीसारखं. हेच पराग पुढच्या फुलाला लागतात आणि पळसाला शेंग धरते, असं गुरुजींनी सांगितलं. थंडीत हीच पाखरं मळकट दिसतात. फाल्गुनात त्यांना नवी पिसं येत नाहीत, जुन्या पिसांची मळकी टोकं झिजतात आणि आतला गुलाबी रंग उघडा पडतो.

एप्रिलमध्ये ती इथून निघतात ती कझाकस्तानच्या बाजूला. मे-जूनमध्ये तिकडे दगडांच्या फटींत घरटी करतात आणि पिलांना टोळ, नाकतोडे भरवतात. चीनच्या शिनजियांगमध्ये तर टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून लोक त्यांच्यासाठी मुद्दाम घरटी बांधून ठेवतात. आमच्याकडे जवारी गेली, सोयाबीन आलं, गोफण खुंटीला लागली. आता त्यांच्याशी माझं भांडण उरलं नाही.

आता मुद्द्याचं. त्याच पांधणीचं काम सध्या सुरू आहे. रस्ता मलाही पाहिजे. पावसाळ्यात माझी बैलबंडी तिथेच फसते. पण जेसीबीवाल्याने एका बाजूचे चौदा पळस आडवे केले, मी स्वतः मोजले. त्यातले नऊ नालीच्या पलीकडे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, होते, रस्त्यात येत नव्हते. दोन तर फुलांनी लाल असताना पाडले. विचारलं तर म्हणे, "पळसच आहे बाबा, सागवान थोडंच आहे!" पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांद शेकायला मात्र आम्ही सगळे त्याचंच पान शोधत फिरतो.

संबंधितांना विनंती एवढीच, की दुसऱ्या बाजूचं काम लागण्याआधी मोजणीची दोरी टाका आणि रुंदीत येणाऱ्या झाडालाच चुना लावा. आणि जे तोडावंच लागेल ते चैत्र सरल्यावर तोडा. इतके वर्ष रस्ता नव्हता, महिनाभर अजून बंडी फसली तर मी ओरडणार नाही.

त्या बाजूला अजून सतरा पळस उभे आहेत. नातीने वहीत प्रत्येकाला नंबर देऊन ठेवला आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. वर्धा