आधी पोर्ट मोजा, मग पैसे

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पुरवणीत मागे घरच्या ऑफिससाठी कमी खर्चात कॉम्प्युटर कसा जोडावा यावर लेख आला होता. चांगला होता, पण वाचताना सारखं वाटत राहिलं की लिहिणारा स्वतः कधी टेबलाखाली शिरलेला नाही. प्रोसेसर किती कोअरचा, रॅम किती, कॅबिनेट कुठलं, त्यातले दिवे कसे लुकलुकतात, सगळं होतं. वर फोटो तर तीन स्क्रीनचा. पण त्या तीन स्क्रीन त्या डब्याला लागणार कशा यावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही! मी घरून हिशेबाचं काम करते, दिवसाचे सात-आठ तास तीन स्क्रीनसमोर असते, आणि नेमक्या ह्याच गोष्टीत माझे दोनदा पैसे गेलेत, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण पोर्टचं तेवढं ठेवा.

पहिल्यांदा मी भाच्याचं ऐकलं. पोरगा हुशार आहे पण गेम खेळणारा, त्याच्या डोक्यात कॉम्प्युटर म्हणजे वेग. "मावशी, हा प्रोसेसर घे, सेम टू सेम आहे, फक्त शेवटी एफ आहे म्हणून स्वस्त." घेतला. मदरबोर्डला (सगळे भाग जिथे बसतात त्या मुख्य पाटीला) मागे एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट, म्हणजे स्क्रीनची वायर लावायच्या दोन जागा, दिसत होत्या, म्हटलं दोन स्क्रीन तर सुटल्या, तिसरीचं नंतर बघू. सगळं जोडलं, पंखे फिरले, दिवे लागले आणि स्क्रीनवर नो सिग्नल. मग रॅम काढून घातली, वायर बदलली, दुसरा मॉनिटर आणला, बोर्डावरचा सेल काढून परत बसवला, मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून मी आणि तो दोन तास जमिनीवर. शेवटी कळलं की इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असला की त्यात ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणारा भाग, नसतंच, आणि ग्राफिक्स नसलं की बोर्डावरची ती पोर्ट नुसती शोभेची. दार आहे, बेल आहे, घरात माणूस नाही!

एएमडीचंही असंच आहे, फक्त अक्षर उलटं. रायझन ५००० मालिकेत ज्यांच्या नावात जी आहे त्यांनाच डेस्कटॉपवर ग्राफिक्स, बाकीच्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड लावावंच लागतं. ७००० मालिकेपासून त्यांनी बहुतेक सगळ्यांत छोटंसं ग्राफिक्स दिलं, गेमसाठी नाही पण एक्सेल आणि ब्राउझर दाखवायला भरपूर, तिथेही एफवाले सोडून. म्हणजे एफ दिसला की दोन्ही कंपन्यांत थांबायचं. एवढं एक वाक्य तुमच्या लेखात असतं तर कितीतरी लोकांचे दोन तास आणि एक भांडण वाचलं असतं.

आता दुसरी गंमत. भोकं किती यावरून स्क्रीन किती चालतील हे ठरत नाही. इंटेलच्या आठव्या पिढीतलं ग्राफिक्स एका वेळी तीनच स्क्रीन चालवतं, बाराव्या पिढीपासून डेस्कटॉपला चार, पण बोर्डावर पोर्टच दोन दिलेली असतील तर ते चार कागदावरच राहतात. आणि नंतर वेगळं कार्ड घातलं की पुष्कळ बोर्ड प्रोसेसरमधलं मूळचं ग्राफिक्स आपोआप बंद करून टाकतात, तेव्हा बोर्डाच्या पोर्टात लावलेली स्क्रीन काळी, आणि माणसाला वाटतं कार्ड घातलं आणि बोर्ड गेला. काही गेलेलं नसतं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन आयजीपीयू मल्टी-मॉनिटर असा काहीतरी पर्याय असतो तो चालू करायचा की दोन्हीकडून स्क्रीन येतात. मला हे कळायला आठवडा लागला, तोवर मी एका स्क्रीनकडे नुसतं बघत बसायचे.

वायरींचं तर वेगळंच पुराण. कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर साधी स्वस्त वायर बहुतेक वेळा चालते, पण ती एकाच दिशेची असते. कॉम्प्युटरला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर तीच वायर उलटी लावून काहीही होत नाही, त्याला वेगळा कन्व्हर्टर लागतो आणि तो बऱ्याचदा यूएसबीतून पॉवर घेतो. वायरीची दोन्ही टोकं ह्या पोर्टात बसतात, त्या पोर्टात बसतात, मग चालत का नाही असं मीही विचारलं होतं. जुन्या व्हीजीएवाल्या मॉनिटरचंही तसंच, १९८७ सालचं ॲनालॉग तंत्र ते, त्याला एचडीएमआयमधून सिग्नल द्यायचा तर मध्ये बदलून देणारी चिप पाहिजे. नुसती टोकं जुळवणारी वायर घेतलीत तर ती कपडे वाळत घालायला वापरा.

दुसऱ्यांदा पैसे गेले ते माझ्याच हावरटपणामुळे. घरात जुना फोर-के टीव्ही होता, म्हटलं तोच मधली स्क्रीन करू, एवढी मोठी, फुकटात. लावला तर माऊस असा चालला की जणू चिखलातून ओढतेय. कॉम्प्युटरचं एचडीएमआय १.४ होतं, त्यातून फोर-के फक्त ३० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, जातं, साठला न्यायचं तर २.० पाहिजे. मग त्यासाठी कार्ड घेतलं. माऊस सुधारला, पण आता वजा रकमा, ज्या आम्ही लाल रंगात दाखवतो, त्या पुसट. काळे आकडे स्वच्छ आणि लाल आकडे जणू ओल्या बोटाने फासलेले, ३ की ८ हे वाकून बघावं लागायचं. हिशेबाच्या माणसाला ह्याहून मोठी शिक्षा नाही. बरेच टीव्ही रंगाची माहिती निम्मी किंवा त्याहूनही कमी करून दाखवतात, सिनेमात ते कळतही नाही, बारीक रंगीत अक्षरांत लगेच कळतं. बऱ्याच टीव्हींमध्ये इनपुटला पीसी असं नाव दिलं किंवा पीसी मोड लावला की हे जातं, माझ्यात तो नव्हता. टीव्ही परत हॉलमध्ये गेला. फायदा एवढाच की कार्ड हातात राहिलं.

तर शेवटी मी काय केलं ते सांगते, कारण मला तेच सगळ्यात स्वस्त आणि शहाणपणाचं वाटतं. एका ऑफिसने काढून टाकलेलं जुनं मशीन घेतलं, कोअर आय५-८५००, सहा कोअरचं, २०१८ सालचं. आठवी पिढी (८५०० मधला पहिला ८) मुद्दाम बघून घेतली, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली चालत नाही. म्हणून सहावी-सातवी पिढी कितीही स्वस्त मिळाली तरी मोह नको, लिनक्स वापरणार असाल तर गोष्ट वेगळी. त्यात ८-८ जीबीच्या दोन रॅम टाकल्या, एकच १६ ची नाही, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स ह्याच रॅममधून खातं आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला दुहेरी रस्ता मिळतो. हार्डडिस्क काढून साधी साटा एसएसडी. एवढ्यात हिशेबाचं सॉफ्टवेअर, पन्नास टॅब आणि एक व्हिडिओ कॉल आरामात चालतं. आठ-बारा कोअर, गेमिंग कार्ड, १४४ हर्ट्झ ह्याचा माझ्या ताळेबंदाशी काडीचा संबंध नाही, भाचा काहीही म्हणो.

ह्या मशीनचं दुखणं एकच, डबा बुटका. मोठं कार्ड बसत नाही, आणि त्यातली पॉवर सप्लाय २००-२५० वॉटची, कंपनीच्या आपल्याच ठेवणीची, सहज बदलता येत नाही. म्हणून आधी घेतलेलं ते लांबलचक कार्ड भाच्याला गेलं (त्याचा हेतू पहिल्यापासून हाच होता की काय अशी मला शंका आहे) आणि मी जुनं क्वाड्रो पी६२० हे छोटं कार्ड घेतलं. ४० वॉट खातं, स्लॉटमधूनच पॉवर घेतं, वेगळी वायर नाही, आणि मागे चार मिनी डिस्प्लेपोर्ट. घेताना एकच चूक झाली, कार्ड आलं उंच पट्टीसकट, ती बुटक्या डब्यात मावेना. कार्डाच्या कडेला जी धातूची पट्टी असते ती दोन उंचीची येते, सेकंडहँड घेताना लो प्रोफाइल ब्रॅकेट, म्हणजे बुटकी पट्टी, आहे का हे आधी विचारा, आणि मिनी डिस्प्लेपोर्टच्या वायरी सोबत आहेत का तेही, नाहीतर चार वायरींचा खर्च वेगळा येऊन बसतो.

स्क्रीनबद्दल माझं मत जरा जुनाट वाटेल. एक भारी घेण्यापेक्षा दोन सारख्या घ्या, त्याच मापाच्या, त्याच रिझोल्यूशनच्या. एक २४ इंची आणि एक २७ इंची, दोन्ही फुल एचडी, अशा शेजारी ठेवल्या की एकीवरची अक्षरं बारीक आणि दुसरीवरची थोराड, विंडो सरकवली की डोळे दचकतात. ऑफिसांतून निघालेले १९२० बाय १२०० चे जुने मॉनिटर मिळाले तर तेच उचला. उंचीला १२० पिक्सेल जास्त, ऐकायला काही नाही, पण एक्सेलची साधी ओळ २० पिक्सेलची असते, म्हणजे सहा ओळी जास्त दिसतात, दिवसभर सहा ओळी. आणि एक स्क्रीन उभी करा. आडव्या फुल एचडीवर मला पस्तीसेक ओळी दिसतात, उभीवर पंचाहत्तरच्या पुढे, बँकेचं स्टेटमेंट वरपासून खालपर्यंत एका नजरेत. फक्त स्क्रीनचं पॅनल आयपीएस जातीचं (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारं) असू दे, स्वस्त टीएन पॅनल उभं केलं की डाव्या डोळ्याला एक रंग आणि उजव्याला दुसरा असं होतं आणि डोकं चढतं. स्टँड फिरत नसेल तर मागे चार स्क्रूची भोकं १०० बाय १०० मिलिमीटरची आहेत का बघा, असली की कुठलाही साधा आर्म बसतो.

तिसरी स्क्रीन? खरं सांगू, तिच्यावर बहुतेक वेळ ईमेल उघडं असतं. दोनमध्ये भागत असेल तर तिसरीचे पैसे खुर्चीत घाला. आणि जी मुख्य आहे ती नाकासमोर पाहिजे, दोन्हीच्या मधली फट नाकासमोर नको. मी वर्षभर तसं बसले आणि मान कायम उजवीकडे, फिजिओथेरपीवाल्या बाईंनी पहिला प्रश्न मॉनिटरचाच विचारला.

लॅपटॉपवाल्यांसाठी एवढंच, यूएसबी-सी पोर्ट आहे म्हणजे त्यातून स्क्रीन चालेलच असं नाही, शेजारी डिस्प्लेपोर्टची खूण आहे का किंवा कंपनीच्या माहितीत तसं लिहिलंय का ते बघायचं. एम१ आणि एम२ चिपची मॅकबुक एअर मूळात बाहेरची एकच स्क्रीन चालवते, हब (एका पोर्टाची अनेक करणारा डबा) कितीही भोकांचा आणला तरी. डिस्प्लेलिंकवाले यूएसबी ॲडॅप्टर हा त्यावरचा उतारा, पण ते चित्र प्रोसेसरकडून आवळून पाठवतात, कागदपत्रांना ठीक, व्हिडिओला अडखळतात.

आता तुमच्या त्या फोटोबद्दल. तीन स्क्रीनला तीन पॉवरच्या आणि तीन चित्राच्या वायरी, डब्याची एक, अशा सात तर नक्की, कीबोर्ड-माऊस आणि यूपीएस सोडून. फोटोत एकही दिसत नव्हती, आणि एका स्क्रीनवर तर चित्र सरळ वरून चिकटवलेलं होतं, फ्रेमच्या बाहेर आलं होतं. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा फोटो मागच्या बाजूने काढा. माझं टेबल चालणार असेल तर कळवा, आदल्या दिवशी धूळ पुसून ठेवीन.

आपली,
घरून हिशेब लिहिणारी एक वाचक