आई-बाबा, डॅन्यूबच्या काठाने तुम्हीही चला

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "विमानाने जाऊन तिथेच सायकली भाड्याने घेता येत नाहीत का?" आई, तू म्हणालीस, "पोरांना घेऊन तंबूत? आणि पाऊस आला तर?" तेवढ्यात धाकटा रडायला लागला आणि बोलणं तिथेच राहिलं. म्हणून आज दोघं झोपल्यावर लिहायला बसले आहे. तुमच्या प्रश्नांची उत्तरं तर द्यायची आहेतच, पण मला खरं विचारायचंय ते वेगळंच आहे. तुम्ही दोघं आमच्याबरोबर याल का?

बेत असा आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हँबर्गहून सायकली घेऊन रेल्वेने निघायचं, जर्मनीच्या टोकाला पासाउला उतरायचं आणि तिथून डॅन्यूबच्या काठाने थेट ऑस्ट्रियात व्हिएन्नापर्यंत जायचं. अंतर साधारण 330 किलोमीटर. सराईत लोक सहा-सात दिवसांत करतात, आम्ही बारा दिवस ठेवलेत आणि त्यातले दोन नुसते आरामाचे. थोरली आता दहा वर्षांची आहे, स्वतःची सायकल चालवते. धाकटा तुमच्या जावयांच्या सायकलीमागे जोडलेल्या गाडीत बसेल. रस्ता बहुतेक सगळा डांबरी आणि सपाट आहे. नदीच्या प्रवाहाबरोबर जायचं असल्यामुळे चढ जवळजवळ नाहीतच, आणि वाराही बऱ्याचदा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीवरून येतो.

बाबा, आता तुमचा प्रश्न. विमानात सायकल न्यायची तर पेडल काढा, हँडल फिरवा, खोक्यात भरा, आणि उतरल्यावर तेच सगळं उलट करा. रेल्वेत ती हाताने ढकलत डब्यात न्यायची, आणि पोचलो की स्टेशनाच्या दारातून थेट चालवायला लागायचं. भाड्याची सायकल आम्हाला चालेल हो, पण थोरलीला तिच्याच सायकलीची सवय आहे. ब्रेक किती दाबला की थांबते हे तिच्या बोटांना ठाऊक आहे. अनोळखी सायकलीवर नदीकाठी तिला सोडायला माझं मन धजत नाही.

मात्र रेल्वेची आखणी हेच या सहलीतलं सगळ्यात किचकट काम निघालं. सायकलीची जागा माणसाच्या जागेसारखी आधी राखून ठेवावी लागते आणि काही वेगवान गाड्या सायकली घेतच नाहीत. आयसीई 4 या गाडीत सायकलींसाठी आठ जागा असतात, आम्हाला तीन लागतात. म्हणून हँबर्ग ते म्युनिक त्या गाडीने, आणि पुढे साध्या प्रादेशिक गाडीने पासाउ. त्या गाडीत राखीव जागा नसते, आधी येईल त्याची. म्हणून गर्दीची वेळ टाळलीय. येताना व्हिएन्नाहून नाइटजेट ही रात्रभर धावणारी झोपायची रेल्वेगाडी, म्हणजे मुलं संध्याकाळी झोपतील ती घरी पोचेपर्यंत. तिच्यातल्या सायकलींच्या जागा लवकर संपतात, त्यामुळे आम्ही आधी परतीचं तिकीट काढलं आणि मग जाण्याचं.

गेल्या वर्षीची एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. एका स्टेशनवर गाडी बदलायला आमच्याकडे फक्त अकरा मिनिटं होती. लिफ्ट बंद. सायकली, पिशव्या, मुलं, सगळं जिन्याने उतरवलं आणि पलीकडे चढवलं. धावत फलाटावर आलो तर डब्यांचा क्रम उलटा होता. सायकलीचा डबा टोकाला असतो, आणि आम्ही नेमके दुसऱ्या टोकाला. साडेतीनशे मीटर लांबीच्या गाडीच्या कडेने थोरली सायकल ढकलत पळत होती आणि दारं आमच्यासमोर बंद झाली. ती रडली नाही, पण तिचा चेहरा मी विसरलेले नाही. म्हणून या वेळी गाडी बदलायला पाऊण तासाच्या आत वेळ ठेवलेला नाही. शिवाय गाडी यायच्या आधीच सगळ्या पिशव्या सायकलींवरून उतरवून ठेवायच्या. एकजण सायकली चढवेल, दुसरा पिशव्या, आणि थोरलीने धाकट्याचा हात धरून एका जागी उभं राहायचं. हे आम्ही घराच्या जिन्यात दोनदा करून बघितलं.

आई, पावसाचं. तंबू नवा घेतलाय, दोन थरांचा, आणि त्याला पुढे पडवीसारखी जागा आहे. ओले बूट आणि पिशव्या तिथे राहतात. नदीकाठी वाटेल तिथे मुक्काम करणार नाही, ऑस्ट्रियात जंगलात तंबू ठोकायला वनकायद्यानेच मनाई आहे. सगळे मुक्काम तंबूंसाठीच्या रीतसर तळांवर, जिथे गरम पाणी, संडास आणि कपडे धुवायची सोय असते. सलग दोन दिवस पाऊस लागला तर खोली घेऊ, हे ठरलेलंच आहे. नदी फुगली तर? तेही बघितलं. पासाउमध्ये तीन नद्या एकत्र येतात आणि 2013च्या जूनमध्ये तिथे पाचशे वर्षांतला सगळ्यात मोठा पूर आला होता. पाणी चढतंय असं कळलं तर आम्ही काठावर थांबणार नाही. रेल्वे बऱ्याच ठिकाणी जवळ आहे, सरळ गाडी पकडून पुढच्या गावी जाऊ. आणि ऑस्ट्रियात बारा वर्षांखालच्या मुलांना सायकलवर हेल्मेट सक्तीचं आहे, त्यामुळे थोरलीशी त्यावरून वाद घालायची वेळ येणार नाही.

आता तुमचं. तुम्ही तंबूत झोपायचं नाही आणि 330 किलोमीटर सायकलही चालवायची नाही. आम्ही नदीने, तुम्ही रेल्वेने. पासाउला दोन दिवस सगळे एकत्र. मग तुम्ही तासाभराच्या गाडीने लिंझला जाऊन आमची वाट बघायची. बाबा, तिथून जवळच मौटहाउसेन आहे. नाझींची ती छळछावणी 5 मे 1945 रोजी अमेरिकी सैन्याने मोकळी केली. तुम्ही त्याबद्दल इतकं वाचलंय, तुम्हाला तिथे जावंसं वाटेल. थोरली अजून लहान आहे, तिला मी नेणार नाही. तिला तुम्ही कधीतरी सांगा, तुमच्या शब्दांत.

लिंझहून पुढे मेल्कला पुन्हा भेट. तिथे टेकडीवर मोठा मठ आहे, तिथे 1089पासून साधू राहतात. मेल्कपासून क्रेम्सपर्यंतच्या वाखाऊ खोऱ्यात तुम्ही बोटीने यायचं. आई, याच खोऱ्यात विलेनडॉर्फ नावाचं खेडं आहे. 1908 साली रेल्वेच्या कामाच्या वेळी तिथे दगडात कोरलेली बाईची एक छोटी मूर्ती सापडली. उंची जेमतेम 11 सेंटीमीटर, वय जवळपास 30,000 वर्षं. तू वर्गात अश्मयुग शिकवताना तिचं चित्र फळ्यावर काढायचीस, मला आठवतंय. व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ती ठेवलीय. शेवटच्या दिवशी मला तुझ्याबरोबर तिच्यासमोर उभं राहायचंय.

आणि बाबा, तुमच्यासाठी श्पित्स गावची होडी. तिला इंजिन नाही. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत उंच तारेचा दोर ताणलेला आहे, त्यावर कप्पी फिरते आणि कप्पीला होडी बांधलेली. नावाडी सुकाणू वळवून होडी प्रवाहाला तिरकी धरतो. पाणी तिला खाली ढकलायला बघतं, दोर जाऊ देत नाही, म्हणून ती आडवी सरकत पलीकडे जाते. आवाज फक्त पाण्याचा आणि कप्पीचा. तुमच्या जावयांना मी हे चित्र काढून समजावलं तेव्हा ते म्हणाले, "हे बाबांनी बघायलाच हवं." ती होडी सायकलीही घेते.

त्या श्पित्सपासून ड्युर्नस्टाइनपर्यंत साधारण 12 किलोमीटर आहेत, सगळे द्राक्षमळ्यांतून. तेवढं तुम्ही आमच्याबरोबर चालवाल का? बॅटरीवरची सायकल मिळते, पेडल मारायचं पण गुडघ्यावर जोर येत नाही. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुम्हाला सायकल चालवायला सांगितलंच आहे आणि घरच्या स्थिर सायकलीवर तुम्ही रोज वीस मिनिटं बसता. तरी डॉक्टरांना एकदा विचारा. ते नको म्हणाले तर तुम्ही बोटीत बसा आणि आम्ही काठाने हात करत येऊ. पण मला सायकल शिकवताना तुम्ही मागचा कॅरियर धरून पळायचात, आणि सोडला ते मला कळूही दिलं नाहीत. थोरलीला तुमच्या पुढे सायकल चालवायचीय. तिने मला तीनदा विचारलंय, आजोबा येणार का.

व्हिसाचं मी बघते. तुमचा जास्त मुक्काम आमच्याकडे, म्हणून अर्ज जर्मनीचा, आणि त्याच व्हिसावर ऑस्ट्रियातही जाता येतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान 30,000 युरोचा आरोग्य विमा लागतो, तो इथून काढेन. तुम्ही फक्त दोघांच्या पासपोर्टची मुदत बघा. परतल्यावर निदान तीन महिने उरायला हवी. आई, बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घे.

बाबा, आणखी एक. सायकल बुक करायला तुमच्या पायाची आतली उंची लागते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन पायांमध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक वर घट्ट धरा आणि आईला पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजायला सांगा. रविवारी फोन करेन, तेव्हा आकडा सांगा.

तुमची लेक